लिस्बनमध्ये कुणासोबत चालायचं : वसईच्या एका कुटुंबाचं प्रकरण

सप्टेंबरच्या अखेरीस लिस्बनला जायचं ठरलं. व्हिसा, विमान आणि राहण्याची जागा यांवर मिळून झाली नसेल एवढी चर्चा आमच्याकडे एका सकाळवर झाली. जुनं शहर पायी दाखवणारा गाइड घ्यायचा, इथवर एकमत होतं. कोणता घ्यायचा यावर पाच माणसांची पाच मतं होती. तो निर्णय कसा झाला, पैसे किती गेले, काय साधलं आणि काय हुकलं ते इथे मांडतो. युरोपातल्या कुठल्याही जुन्या शहरात गेलेल्या मराठी घरापुढे थोड्याफार फरकाने हाच पेच येतो.

आधी माणसं, कारण निवड शेवटी माणसांवरूनच झाली. ताई आणि भावजी वसईचे. भावजींचं लहानपण वसईच्या किल्ल्यात क्रिकेट खेळण्यात गेलं, त्यामुळे पोर्तुगीज हा त्यांना पुस्तकातला विषय वाटत नाही. ते पडके चर्च आणि ती तटबंदी त्यांच्या घराच्या मागे आहे. भाची आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला. माई म्हणजे भावजींची आई, वय चौऱ्याहत्तर. चढताना त्यांना धाप लागते आणि पायऱ्या उतरताना डावा गुडघा दुखतो. हलका उतार मात्र काठीच्या आधाराने तासभरही चालतात. 'उतरायचं तर आहे, सोपंच की' असं तरुण माणसं पटकन म्हणून जातात, म्हणून हा फरक मुद्दाम नोंदवतो. पाचवा मी, ताईचा धाकटा भाऊ. नोकरीनिमित्त नेदरलँड्सला असतो, म्हणून सगळी जुळवाजुळव माझ्या गळ्यात पडली.

शहराचा चढउतार

लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय असं म्हणायची पद्धत आहे. चालणाऱ्याच्या दृष्टीने भाग तीनच. नदीकाठचा सपाट चौकोनी भाग म्हणजे बायशा. त्याच्या पूर्वेला किल्ल्याची टेकडी आणि तिच्या अंगावरचे आल्फामा, मोउरारिया हे जुने मोहल्ले. पश्चिमेला शियादू आणि त्याच्या वर बाइरू आल्तू. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, चर्च भरलेली असताना भूकंप झाला. पाठोपाठ नदीतून समुद्राच्या लाटा आल्या आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. बायशा नदीच्या गाळावर होती, ती गेली. आल्फामा खडकावर होता, तो बराचसा उरला. म्हणून आज एका भागात राजाचा मंत्री पोंबाल याने आखून घेतलेले सरळ रस्ते आहेत आणि शेजारच्याच भागात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं अशा गल्ल्या.

तीन तासांचे बहुतेक 'वॉक' बायशातून निघतात आणि आल्फामात चढतात. गाइडच्या दृष्टीने ते बरोबर आहे: शेवट उंचावर, देखाव्यापाशी, लोक खूश असताना. आमच्या दृष्टीने उलटं होतं. त्यात इथले फूटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांचे. दिसायला सुंदर, पण वर्षानुवर्षांच्या पावलांनी इतके गुळगुळीत झालेत की कोरड्या दिवशीही टाच सरकते. चढण टाळायला शहरात सोयी आहेत. फांकेइरुश रस्त्यावरच्या एका इमारतीतून किल्ल्याच्या बाजूला नेणारी नगरपालिकेची मोफत लिफ्ट आहे, २८ नंबरची ट्राम आहे (ती गच्च भरलेली असते आणि खिसेकापूंसाठी तितकीच प्रसिद्ध आहे), आणि १९०२ ची सांता जुस्ता लिफ्ट आहे, जिथे वर जाण्यापेक्षा रांगेतच जास्त वेळ जातो. उतारावरच्या, तारेने ओढल्या जाणाऱ्या जुन्या फ्युनिक्युलर गाड्यांवर मात्र बेत आखू नये. ३ सप्टेंबर २०२५ ला ग्लोरियाच्या फ्युनिक्युलरला अपघात होऊन १६ माणसं गेली. कुठली लिफ्ट किंवा गाडी चालू आहे, कुठली बंद, हे जाण्याआधी पाहूनच घ्यावं.

समोर काय काय होतं

ताईचा पहिला कौल 'फ्री टूर'ला. "फुकट आहे तर आधी तीच करू. नाही आवडली तर अर्ध्यातून निघू."

"आई, फुकट नसते गं ती, शेवटी टोपी फिरते," भाची म्हणाली. तिचं खरं होतं, आणि टोपी फिरते एवढ्यावर ते थांबतही नाही. हा प्रकार या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमधून फोफावला आणि आज युरोपच्या बहुतेक मोठ्या शहरांत आहे. नाव नोंदवायला पैसे नाहीत; शेवटी ज्याला जे वाटेल ते द्यायचं. पण अनेक ठिकाणी गाइडने कंपनीला डोईमागे ठरावीक रक्कम द्यायची असते, लोकांनी काहीही दिलं तरी. सुरुवातीला हसतमुखाने काढलेला 'ग्रुप फोटो' बऱ्याचदा त्या मोजणीसाठीच असतो. याचा परिणाम सरळ आहे: गट मोठा लागतो, आणि शेवटच्या दहा मिनिटांत लोकांचा मूड उत्तम लागतो. त्यामुळे विनोद, राजाच्या भानगडी, एखादी भुताची गोष्ट हे सगळं भरपूर येतं. यात गैर काही नाही. इतका चांगला नटसम्राट दहा-पंधरा युरोत दुसरीकडे मिळणार नाही. फक्त प्रश्न विचारून त्याची लय मोडणारं गिऱ्हाईक त्याला परवडत नाही.

दुसरा पर्याय आधी पैसे भरायचा छोटा गट, दहा-बारा माणसांचा, माणशी ३० युरो. हा मला सुरुवातीला सर्वांत शहाणपणाचा वाटत होता. मग लक्षात आलं की आम्ही पाच म्हणजे जवळजवळ अर्धा गट आम्हीच, आणि उरलेल्या पाच-सात अनोळखी माणसांच्या सुट्टीचा वेग माईंच्या गुडघ्यावर ठरणार. माईंना ते जाणवलं असतं आणि त्या दुखत असतानाही चालत राहिल्या असत्या. त्यांचा स्वभावच तसा. "मला कुठं तरी बसवा नि तुम्ही फिरून या," हे त्या मुंबईच्या विमानतळापासून म्हणत होत्या.

तिसरा पर्याय फक्त आपल्यासाठी गाइड. यात दर माणशी नसतो, गटाचा असतो, आणि हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. जोडप्याला जो महाग पडतो तोच गाइड पाच जणांना छोट्या गटाच्या जवळपास जातो. आम्हाला साडेतीन तासांचे २१० युरो सांगितले होते. छोट्या गटात आमचे १५० गेले असते. फरक ६० युरोंचा. तसाच खाजगी वॉक मोठ्या बुकिंग संकेतस्थळावर बराच महाग दिसत होता. ती संकेतस्थळं साधारण वीस ते तीस टक्के दलाली घेतात, ती कुठून तरी वसूल होणारच. गाइडचं स्वतःचं पान शोधून थेट लिहिलं तर ते पैसे तुमच्यात आणि तिच्यात वाटले जातात. थेट बुकिंगमध्ये रद्द करण्याच्या अटी मात्र नीट वाचाव्या लागतात. संकेतस्थळांवर बहुधा आदल्या दिवसापर्यंत पैसे परत मिळतात, एकट्या गाइडला ते परवडत नाही.

बाकीचे पर्याय झटपट बाद झाले. कानात बोलणारं अ‍ॅप: माईंना नको, आणि पाच माणसं पाच तुकड्यांत विखुरतात. टुकटुक: इथे बॅटरीवरच्या रिक्षा टेकडीवर फिरवतात, ड्रायव्हर बोलतोही, पण दर पाचशे मीटरवर चढउतर करण्याचा माईंना चालण्यापेक्षा जास्त ताप. लिस्बनच्या आफ्रिकी इतिहासाचे वॉक आहेत आणि ते मनापासून करावेसे वाटले. गुलामांचे मृतदेह टाकण्यासाठी खड्डा खणावा असं राजा मानुएलने १५१५ मध्ये फर्मावलं, त्याची आठवण सांगणारा 'पोसू दुश नेग्रुश' हा रस्ता आजही आहे. पण घराच्या पहिल्या आणि एकमेव गाइडेड सकाळी शहराची साधी ओळखही व्हायला हवी होती.

परवान्याबद्दल एक गोष्ट. इटली, ऑस्ट्रिया अशा देशांत गाइडला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये सक्ती नाही, पण 'ब्लू बॅज' मिळवणाऱ्याने लांबलचक अभ्यासक्रम केलेला असतो. पोर्तुगालमध्ये ती सक्ती उठलेली आहे. काल आलेला विद्यार्थी आणि वीस वर्षं हेच काम करणारी इतिहासाची पदवीधर एकाच पानावर, एकसारख्या पाच चांदण्यांसह दिसतात. चांदण्यांनी आम्हाला काहीच मदत केली नाही. बहुतेक सगळ्यांना ४.८ किंवा ४.९. कामाचे ठरले ते तीन चांदण्यांचे शेरे, कारण तक्रार करणारा माणूस तपशील देतो: 'फार पायऱ्या', 'ऐकू येत नव्हतं', 'तारखा फार, गोष्टी कमी'. शेवटची तक्रार ज्यांच्या नावावर होती ते भावजींच्या यादीत वर चढले.

एक मेल, तीन उत्तरं

भावजींचं म्हणणं सुरुवातीपासून एकच होतं: "मला बाकी काही नको रे. हे लोक आपल्याबद्दल काय सांगतात, तेवढं ऐकायचंय."

म्हणून तीन गाइडना एकच मेल पाठवला. आम्ही भारतातल्या वसईचे, ज्याला तुमच्याकडे बासाइं म्हणत. सोबत एक ज्येष्ठ बाई आहेत, त्यांना पायऱ्या जमत नाहीत. दोन प्रश्न: मार्ग कसा घ्याल? आणि समुद्रमार्गांच्या काळाबद्दल सांगताना भारताची बाजू कितपत येते?

पहिलं उत्तर तासाभरात आलं. मार्ग छापील होता, बायशा ते किल्ला, आणि 'काळजी नको, आपण हळू चालू' असं आश्वासन. भारताबद्दल: मिरी, दालचिनी, धाडसी दर्यावर्दी, पोर्तुगालचं सुवर्णयुग. दुसऱ्याने दरपत्रक पाठवलं आणि प्रश्नांना हातच लावला नाही. तिसरं उत्तर दोन दिवसांनी आलं. त्यात आधी आम्हालाच प्रश्न होते. माईंना चढ त्रासदायक की उतार? पायऱ्या किती जमतात? बसायला किती वेळाने लागेल? कॅथलिक आहात की हिंदू? शेवटच्या प्रश्नाचं कारणही तिने दिलं होतं: इन्क्विझिशनबद्दल, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाबद्दल, बोलायचं तर समोर कोण आहे ते माहीत असलेलं बरं. मग लिहिलं होतं की जिच्या हुंड्यात मुंबई इंग्रजांना मिळाली ती ब्रागांझाची कॅथरिन सांव व्हिसेंत द फोरा या मठात पुरलेली आहे. तुम्ही मुंबईजवळचे, तर तिथूनच सुरुवात करू, टॅक्सीने वर या आणि नदीपर्यंत उतरत जाऊ. आणि खाली एक ओळ: 'गोव्याबद्दल मला थोडंफार माहीत आहे, बासाइंबद्दल जवळजवळ नाही.'

भावजींचं मत कॅथरिनच्या नावापाशीच झालं होतं. माझं त्या शेवटच्या ओळीपाशी झालं.

तारीख ठरवताना तिनेच एक अडचण काढली. आल्फामाच्या पायथ्याशी क्रूझ जहाजांचं टर्मिनल आहे. एखाद्या दिवशी दोन-तीन मोठी जहाजं लागली की हजारो माणसं त्याच गल्ल्यांत शिरतात. बंदराचं जहाजांचं वेळापत्रक आधी पाहता येतं. शिवाय मंगळवारी आणि शनिवारी सांव व्हिसेंतच्या मागे 'फेइरा दा लाद्रा' हा जुना बाजार भरतो, तेव्हा टॅक्सी जवळ येत नाही. हे दोन्ही टाळून गुरुवार धरला. युरोपातल्या कुठल्याही बंदराच्या शहरात ही चौकशी करावी. व्हेनिसने २०२४ पासून गाइडच्या गटाला २५ माणसांची मर्यादा घातली आणि भोंगे बंद केले. अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या भागात मर्यादा १५ ची आहे. म्हणजे तिथल्या रहिवाशांचं काय होत असेल याचा अंदाज यावा.

गुरुवारची सकाळ

दहाला मठाच्या दारात भेटलो. गाइड पन्नाशीची, आवाज बारीक पण स्पष्ट. आम्ही पाचच असल्याने तो पुरला. पंचवीस माणसांत तो तिसऱ्या रांगेपर्यंतही गेला नसता.

मठाच्या जुन्या भोजनगृहात ब्रागांझा घराण्याचं दफनस्थान आहे. कॅथरिनची पेटी शोधावी लागते, ती काही सर्वांत मोठी नाही. १६६१ च्या तहात इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सला हुंड्यात मुंबई आणि तांजियर दिलं गेलं, हे भावजींना पाठ होतं. गाइडने त्यात पुढचं भरलं: गोव्याच्या विजरईला, म्हणजे व्हाइसरॉयला, मुंबई सोडायची नव्हती, त्याने जमेल तेवढं ताणलं, आणि प्रत्यक्ष ताबा जायला १६६५ उजाडलं. चार्ल्सने ती १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. नवरा गेल्यावर काही वर्षांनी कॅथरिन लिस्बनला परतली, भाऊ आजारी असताना तिने राज्यकारभारही पाहिला, आणि १७०५ मध्ये वारली.

"म्हणजे माहेरी आली होय," माई म्हणाल्या, आणि एवढा वेळ बाजूला उभ्या असलेल्या त्या पेटीजवळ सरकल्या.

भावजींनी मग वसईचं सांगितलं: गोव्यानंतर पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या प्रांताचं मुख्य ठाणं वसईत होतं, आणि चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये ते घेतलं. चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि त्या मेणवली, भीमाशंकर अशा देवळांत आजही टांगलेल्या आहेत. मोहिमेआधी वज्रेश्वरीला बोललेला नवस माईंनी जोडला. त्या दरवर्षी जातात. गाइडने वही काढून हे टिपून घेतलं आणि घंटांवर पोर्तुगीज मजकूर आहे का, तो कुणी वाचलाय का, असं विचारत राहिली. भाची या सगळ्यात कंटाळली होती, हेही लिहायला हवं. ती ओवरीतल्या निळ्या फरशांकडे निघून गेली.

तिथून ट्रामच्या रस्त्याने पोर्ताश दु सोल. मध्ये किंचित चढ लागला, तेवढाच. माई कॅफेत बसल्या. समोर आल्फामाची छपरं आणि नदी. शेजारच्या सांता लुझिया चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांची दोन चित्रं आहेत: एकात ११४७ मध्ये अफोंसू एन्रिकेशने मुसलमानांकडून किल्ला घेतला तो प्रसंग, दुसऱ्यात भूकंपापूर्वीचं राजवाड्याचं पटांगण. खाजगी गाइडचे पैसे इथे वसूल झाले असं मला वाटतं. १७५५ तिने या दुसऱ्या चित्रापुढे उभं राहून सांगितलं: जे चित्रात आहे ते आता खाली गेल्यावर दिसणार नाही. मग भाची जागी झाली. पोंबालच्या इंजिनियरांनी नव्या घरांच्या भिंतींत लाकडाचा पिंजरा घातला, भिंत कोसळली तरी पिंजऱ्याने घर धरून ठेवावं म्हणून; नमुना उभारून त्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून पाहिलं असं सांगतात. तिरक्या लाकडांचे सांधे कसे, मजले किती, पाया कशावर, यावर भाचीने पंधरा मिनिटं घेतली. दहा जणांच्या गटात तिला एक प्रश्न मिळाला असता.

आल्फामाच्या आतल्या गल्ल्या आम्ही गाळल्या. त्या पायऱ्यांच्याच आहेत. हे नुकसान खरंच होतं आणि गाइडने ते लपवलं नाही. "तुम्ही बाकीचे संध्याकाळी परत या, रस्ता चुकलात तरी उताराने नदीच येते," म्हणाली. तिचं ऐकलं, आणि तळलेल्या सार्डिनचा वास ज्या दारातून येत होता तिथे माईंना दुसऱ्या दिवशी नेलं. वसईच्या माणसाला लिस्बनमध्ये उपाशी राहायची वेळ येत नाही.

पुढे सेचं कॅथीड्रल, आणि त्याखाली टोकदार दगडांच्या दर्शनी भिंतीचं काझा दुश बिकुश, गोवा जिंकणाऱ्या आल्बुकर्कच्या मुलाने १५२३ मध्ये बांधायला घेतलेलं. आत जायला वेळ उरला नाही. साडेतीन तासांचे चार होत आले होते.

शेवट नदीकाठच्या तेरेइरू दु पासू चौकात. इथे राजवाडा होता आणि मिरीचा सगळा हिशेब ठेवणारं कासा दा इंडिया. दोन्ही भूकंपात गेली, आणि दफ्तरही गेलं. भावजी ज्या प्रश्नासाठी आले होते तो त्यांनी इथे विचारला. तिने उत्तर देताना आवाज बदलला नाही. १५०२ च्या सफरीत वास्को द गामाने यात्रेकरूंनी भरलेलं जहाज बायकामुलांसकट जाळलं. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत राहिलं. लिस्बनमधली त्याची कचेरी रोसियू चौकात होती, आज तिथे राष्ट्रीय नाट्यगृह आहे. आणि शिक्षा सुनावण्याचे सोहळे ज्या चौकांत होत त्यांपैकी एकात आपण आत्ता उभे आहोत. १९६१ बद्दलही बोलली: गोवा गेल्याचं हुकूमशहा सालाझारने कधीच मान्य केलं नाही, भारताचा हक्क पोर्तुगालने मान्य केला तो १९७४ मध्ये, हुकूमशाही पडल्यावर. तिच्या शाळेतल्या पुस्तकात काय होतं आणि आता काय असतं, तेही सांगितलं. भावजींनी वाद घातला नाही. मला तो अपेक्षित होता.

उरलेले दोन वॉक

भाचीने दुसऱ्या दिवशी एकटीने फ्री टूर केली. रोसियूपासून सुरुवात, पंचवीसच्या वर माणसं, गाइड ब्राझीलचा. तिच्या मते एका बाबतीत तो आमच्या गाइडपेक्षा सरस होता: २५ एप्रिल १९७४, हुकूमशाही उलथली तो दिवस. कार्मूच्या चौकात, जिथे पंतप्रधान काएतानू बराकीत अडकून बसला होता आणि बाहेर माणसं व चिलखती गाड्या जमल्या होत्या, तिथे त्याने ती दुपार अक्षरशः उभी केली. आमच्या सकाळी त्या क्रांतीला दोन वाक्यं मिळाली होती. सांव दोमिंगुशच्या चर्चमध्ये, १९५९ च्या आगीत तडकलेले खांब तसेच ठेवलेत तिथे, त्याने १५०६ ची नवख्रिस्ती ज्यूंची कत्तलही नीट सांगितली. ब्राझीलच्या सोन्यावर लिस्बन कसं सजलं ते तर त्याच्या घरचंच प्रकरण. भारत म्हणजे मात्र मिरी. भाचीने गोव्याचं विचारलं तर 'छान प्रश्न, शेवटी बोलू' म्हणाला, आणि शेवटी टोपी होती. तिने त्यात बारा युरो टाकले. "त्याने मेहनत केली ना, मामा," हे तिचं स्पष्टीकरण, आणि ते बरोबर आहे.

नदीकाठच्या बेलें या भागासाठी गाइड घेतला नाही. १५ नंबरची ट्राम, सगळा भाग सपाट, बसायला बागा. जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो एवढं पाहावं. चर्चला तिकीट नाही, मठाच्या ओवऱ्यांना आहे, आणि तिकिटाची रांग समजून लोक चर्चच्या रांगेत उभे राहतात आणि उलटही. आत शिरताच वास्को द गामाचं थडगं. तिथे भावजींनी आम्हाला सांगितलं, आदल्या दिवशीचं पुढे जोडून. नदीवरच्या बुरुजाखाली दगडात एक गेंड्याचं डोकं कोरलंय. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने आल्बुकर्कला दिलेला गेंडा गोव्यातून जहाजाने १५१५ मध्ये लिस्बनला पोचला, राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्ती पळाला, आणि पुढे पोपला भेट म्हणून पाठवताना जहाज बुडून तो मेला. युरोपने कित्येक शतकांत पाहिलेला तो पहिला गेंडा. हे ऐकायला माई बाकावर सरसावून बसल्या होत्या.

हिशेब असा: गाइडचे २१० आणि वर २० युरो बक्षीस, टॅक्सी आणि मठाची तिकिटं वेगळी, भाचीचे १२. छोट्या गटात गेलो असतो तर साधारण ८० युरो वाचले असते. ताईला ते अजूनही टोचतात, आणि तिचा मुद्दा अगदीच खोटा नाही. पहिला अर्धा तास मठाऐवजी गल्ल्यांत गेला असता तर तिला आवडलं असतं.

भावजींच्या शेजारचं जोडपं मार्चमध्ये लिस्बनला जातंय. त्यांनी त्याच गाइडचा पत्ता मागितला. दोघंही चाळिशीतले, सह्याद्रीत नियमित चढणारे, इतिहासापेक्षा खाणं आणि फादू ही तिथली पारंपरिक गाणी यांत रस असलेले. त्यांना मी दहा जणांचा मोउरारियातला संध्याकाळचा वॉक सुचवला आणि आधी मेल करून शेवटचा थांबा बसून ऐकायचा आहे की उभ्याने, तेवढं विचारून घ्यायला सांगितलं.